जर्सीचा नंबर, चष्म्याचा नंबर

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून माझा आठ वर्षांचा भाचा सारखा विचारत होता, "मामा, कोण मारला? नंबर किती हाय त्याचा?" दोन पेठांची फुटबॉल मॅच, गॅलरी तुडुंब, आणि जर्सीवरचे आकडे वीतभर उंचीचे. शेजारच्या आजोबांनाही ते दिसत होते. मध्यंतरात मी त्याला समोरच्या बाजूचा बॅनर वाचायला लावला. त्यानं डोळे बारीक केले, मान वाकडी केली आणि म्हणाला, "मोठी अक्षरं हायत."

घरी आल्यावर दाजी म्हणाले, "आमच्या घरात कुणालाच चष्मा न्हाई." मग सगळ्यांनी माझ्या चष्म्याकडं बघितलं.

आई-वडिलांपैकी एकाला किंवा दोघांना मायनस नंबर असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता वाढते, हे खरं. (मामाच्या चष्म्याचा दोष किती, ते मी दाजींवर सोडलं.) पण सिंगापूर, तैवान, दक्षिण कोरियातल्या शहरांत आज शाळा संपवणाऱ्या दहातल्या आठ मुलांना लांबचं दिसत नाही, आणि त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीत हे प्रमाण याच्या जवळपासही नव्हतं. दोन पिढ्यांत माणसाची जनुकं बदलत नसतात, दिनक्रम मात्र बदलतो. आपल्याकडेही वारं त्याच दिशेचं आहे. दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मायनस नंबर ७.४ टक्के मुलांना होता, २०१५ च्या पाहणीत तो १३.१ टक्क्यांना आढळला.

दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात मशीननं भाच्याचा नंबर काढला, मायनस सव्वा. दुकानदार लगेच फ्रेमा दाखवायला लागला. मी भाच्याला घेऊन बाहेर पडलो आणि दोन दिवसांनी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत औषध घालून तासाभरानं तपासलं. नंबर निघाला मायनस पाऊण.

हा अर्ध्या नंबरचा फरक कुठून आला? लहान मुलांच्या नेत्रभिंगाला धरून ठेवणारे स्नायू भलतेच जोरकस असतात. मशीनमध्ये डोकावताना ते आवळले जातात, भिंग फुगतं आणि डोळा आहे त्यापेक्षा जास्त मायनस भासतो. थेंबांनी हे स्नायू काही तास सैल पडतात, मग खरा आकडा कळतो. मुलाचा पहिला नंबर थेंब न घालता काढला असेल तर तो पक्का धरू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. थेंबानंतर दिवसभर जवळचं अंधूक दिसतं आणि उजेड टोचतो. पोरगं कुरकुरतं, एक शाळा बुडते, तेवढंच.

आता हा आकडा सांगतो काय? मायनस एक म्हणजे एक मीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, मायनस दोन म्हणजे अर्धा मीटर, मायनस चार म्हणजे पाव मीटर. एकला नंबरानं भागायचं, इतका सोपा हिशेब आहे. भाच्याचं स्पष्ट जग सव्वा मीटरच्या थोडं पुढे संपत होतं. बाहेरून आलेले किरण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, जुळायच्या ऐवजी त्याच्या अलीकडेच जुळतात. हे कोडं योहानेस केप्लरनं १६०४ सालीच सोडवलं होतं. ग्रहांच्या कक्षा मांडणाऱ्या या माणसाची स्वतःची नजर अधू होती.

पण किरण अलीकडे का जुळतात? मुलांमध्ये बहुतेक वेळा कारण एकच असतं, डोळ्याचा गोळा पुढून मागे लांब झालेला असतो. जन्मताना ही लांबी साधारण १७ मिलिमीटर असते, मोठेपणी २३ ते २४. त्यापुढे एक मिलिमीटर जादा वाढला की नंबर अंदाजे अडीचनं चढतो. एक मिलिमीटर म्हणजे काही पिवळ्या ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. चष्मा प्रतिमा मागे सरकवून दृष्टिपटलावर आणतो, लांब झालेला डोळा आखूड करत नाही. आणि डोळा ताणला की आतलं पातळ दृष्टिपटलही ताणलं जातं. पुढं चाळिशी-पन्नाशीत ते सुटणं, त्याच्या मध्यभागाची झीज होणं, काचबिंदू होणं, हे धोके नंबराबरोबर वाढत जातात. अंतिम नंबर नुसत्या एकानं कमी ठेवता आला तर मध्यभागाच्या झिजेची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. उणे सहाचा नंबर उणे पाचवर थांबवला तर चष्म्याच्या जाडीत कुणाला फरकही कळणार नाही, पण म्हातारपणी त्याचं मोल कळेल.

डोळा किती वाढायचं हे ठरवतो कोण? १९७७ साली टॉर्स्टन विझेल आणि एलिओ राव्हिओला यांनी माकडाच्या पिलांच्या पापण्या शिवून ठेवल्या, तेव्हा ते डोळे लांबत गेले. मग १९८७ साली जॉश वॉलमन आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलांवर एक भन्नाट प्रयोग केला. डोळ्यासमोरचं अर्धंच दृश्य धूसर केलं, तर डोळ्याचा तेवढाच अर्धा भाग फुगला. त्याच सुमारास दिसून आलं की डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस कापली तरी हे घडतं. म्हणजे वाढीचा कारभार मेंदूकडे नाही, दृष्टिपटलाकडेच आहे. प्रतिमा आपल्या मागे पडतेय असं त्याला जाणवलं की ते डोळ्याच्या भिंतीला हुकूम देतं, 'मागे सरक.' बाळपणी आखूड डोळा योग्य मापाला येतो तो याच यंत्रणेमुळे, आणि पुढं हाताबाहेर जाते तीही हीच.

यात उजेडाची भूमिका फार मोठी आहे. प्रखर उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन हे रसायन जास्त पाझरतं आणि ते वाढीला लगाम घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं आहे. आपल्या घरातला ट्यूबलाइटचा उजेड तीनशे-पाचशे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप). बाहेर झाडाच्या सावलीत तो कितीतरी पट असतो, आणि उघड्या उन्हात एक लाख लक्सच्या घरात जातो. आपले डोळे हा फरक इतका सहज पचवतात की जाणवतच नाही. आषाढातल्या भरून आलेल्या दिवशी, गांधी मैदानाचं तळं झालेलं असताना, कट्ट्यावर छत्री घेऊन उभं राहिलं तरी वर्गातल्यापेक्षा जास्त उजेड डोळ्यांत जातो.

सिडनी आणि सिंगापूरमधल्या सहा-सात वर्षांच्या, चिनी वंशाच्याच मुलांची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. सिंगापुरात मायनस नंबर २९.१ टक्के मुलांना होता, सिडनीत ३.३ टक्के. आई-वडिलांच्या चष्म्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. सिडनीची मुलं उलट पुस्तकं जास्त वाचत होती, पण आठवड्याला पावणेचौदा तास बाहेर असत, आणि सिंगापूरची जेमतेम तीन तास. पुढं चीनच्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेच्या शेवटी रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत त्यातल्या ३०.४ टक्के मुलांना नंबर लागला, नेहमीच्या वेळापत्रकातल्या ३९.५ टक्क्यांना. तैवाननं तर २०१० पासून रोज दोन तास बाहेर, हे शाळांचं धोरणच केलं.

आता भाच्याचं वेळापत्रक बघा. सकाळी शाळा, दुपारी जेवण, चार ते सहा शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा क्लास, घरी आल्यावर आईचा मोबाइल. तालमीचं अंगण घरापासून दोन मिनिटांवर, पण पोरगं तिथं फक्त गणपतीत दिसतं. मोबाइलला सगळे शिव्या देतात, मी कमी देतो. जवळून, सलग, मान घालून बघणं वाईट, मग ते पडद्यावर असो की गाईडमध्ये. निळ्या प्रकाशाला अडवणाऱ्या महागड्या काचांनी नंबर थांबतो याला पुरावा नाही.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितली, आणि ती ऐकून ताईचा चेहरा पडला. ऊन-उजेडाचा खरा फायदा नंबर लागायच्या आधी होतो. एकदा लागल्यावर तो वाढायचा वेग उजेडानं कितपत मंदावतो, याचे पुरावे कमकुवत आहेत. खेळू तर द्यायचंच, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही.

मग उपाय काय? पहिला थेंबांचा. महादेवाला आपण धोतऱ्याचं फूल वाहतो. त्याच्या कुळातल्या बेलाडोनापासून मिळणारं अॅट्रोपिन अगदी सौम्य करून रोज रात्री एक थेंब घालतात. हाँगकाँगच्या चाचणीत वर्षभरात नंबर बिनऔषधी थेंबांवर ०.८१ नं वाढला, ०.०१ टक्क्याच्या थेंबांवर ०.५९ नं, आणि ०.०५ टक्क्याच्या थेंबांवर ०.२७ नं. सगळ्यात सौम्य मात्रेबद्दल मतभेद आहेत. भारतातल्या चाचणीत ती उपयोगी ठरली, अमेरिकेतल्या २०२३ च्या चाचणीत बिनऔषधी थेंबांपेक्षा सरस ठरली नाही. म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवतात आणि मध्येच बंद करत नाहीत, कारण औषध अचानक सोडल्यावर नंबर उसळी मारू शकतो. धोतऱ्याचा रस घरी काढून डोळ्यात घालायचा विचार स्वप्नातही करू नका, ते विष आहे. कुणी करणार नाही असं वाटतं, पण एकानं मला तसं विचारलं होतं.

दुसरा उपाय खास काचांचा. साध्या मायनस काचेनं मधलं स्पष्ट दिसतं, पण कडेच्या भागात प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडू शकते आणि तो 'मागे सरक'चा हुकूम सुटतच राहतो. नव्या काचांत मधला भाग साधा ठेवून भोवती शेकडो बारीक भिंगं बसवतात, ती कडेची प्रतिमा पुढे ओढतात. हाँगकाँगमधल्या अशा काचांच्या चाचणीत दोन वर्षांत नंबरवाढ निम्म्यावर आली. याच तत्त्वाच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आहेत, आणि रात्री घालून झोपायच्या कडक लेन्सही. पण आठ वर्षांच्या पोरानं हात धुऊन, न विसरता लेन्स सांभाळायच्या, आणि चुकलं तर पारपटलाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, जंतुसंसर्ग, हे आमच्या घराला झेपणारं नव्हतं. काचा महाग पडल्या. दाजींनी दोनदा किंमत विचारली.

नंबर मुद्दाम कमी देऊन डोळ्याला 'सवय' लावायची, हा जुना सल्ला अजून चावडीवर मिळतो. मलेशियातल्या २००२ च्या अभ्यासात तसं केलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगानं वाढला. गाजरानं रातांधळेपणाला मदत होईल, डोळ्याची लांबी कमी होणार नाही.

भाच्याचं ठरलं. खास काचा, सहा महिन्यांनी परत तपासणी, आणि नंबराबरोबर डोळ्याची लांबीही मोजायची. वाढीचा खरा हिशेब मिलिमीटरमध्येच कळतो.

त्याच दिवशी त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीलाही थेंब घातले. तिला सगळं स्वच्छ दिसतं, तक्रार काहीच नाही. नंबर आला प्लस अर्धा. दुकानात गेलो असतो तर "एकदम ओके" म्हणून परत पाठवलं असतं. डॉक्टर मात्र गप्प झाले. लहान मूल थोडा प्लस नंबर घेऊनच जन्मतं, आणि डोळा वाढत जाईल तसा तो खर्ची पडतो. सहाव्या वर्षी साधारण पाऊण तरी शिल्लक हवा. तिच्याकडे अर्धाच उरला होता. शिल्लक अशीच लवकर संपली तर पुढच्या काही वर्षांत तीही मायनसमध्ये जाण्याची शक्यता मोठी. पण तिची उजेडाची वेळ अजून हातची गेलेली नाही.

तेव्हापासून चार ते सहा ही वेळ तिच्यासाठी रंकाळ्याची. भाच्याचा क्लास सातवर ढकलला आणि तोही बरोबर जातो. तिला मात्र याच वेळेत चित्रकलेचा क्लास लावायचा होता, मैत्रिणी तिथं आहेत. कागद-रंग घेऊन रंकाळ्याच्या कट्ट्यावर बस, असं मी सुचवलं. "तिथं सर न्हाईत," ती म्हणाली. वाद अजून मिटलेला नाही.