पावसाळ्यात खिडक्या उघडल्या की ओल जाते?

गोव्यात भाड्याच्या घरात कुबट वास येऊ लागला की सल्ला ठरलेला: खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा, कपाटात डांबरगोळ्या टाका. जुलैत दोन्ही चुकीचे.

बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. १० बाय १२ च्या, १० फूट उंच खोलीत हे पाऊण लिटरच्या वर भरते. खिडकी उघडून आपण तीच हवा आत घेतो. डांबरगोळ्या वास फक्त झाकतात, ओल शोषत नाहीत. शिवाय त्यांची वाफ तान्ह्या बाळांना घातक ठरू शकते.

आधी ओल कुठून येते ते पाहा. डाग असलेल्या जागेजवळची कोरडी दिसणारी भिंत निवडून फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तास थांबा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या गिलाव्याची भेग घरमालकानेच बुजवायला हवी. आतून रंग दिला तर तो फुगून सुटतो. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर दोष खोलीतल्या हवेचा. मग दारेखिडक्या बंद करून एसी ‘ड्राय’वर चालवा, आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. खिडक्या उघडा त्या उघाडीच्या कोरड्या दुपारी, आणि स्वयंपाक करताना.

बुरशी कोरडी झाडू नका, बीजाणू उडतात. साबणपाण्याने पुसून पंख्याखाली वाळवा.