पी. व्हीं.च्या शिक्षणात नागपूर दोनदा का येते?

माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्या अधिकृत परिचयात तीन विद्यापीठांची नावे आहेत: उस्मानिया, मुंबई आणि नागपूर. ते पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, तरी पुणे विद्यापीठ त्यात दिसत नाही. कारण साधे आहे. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. तोवर फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यांना पदवी मुंबईची मिळे. नागपूरचा उल्लेख मात्र बहुतेक ठिकाणी ‘एलएलबी’ या एका शब्दात उरकतो, आणि त्याआधीचा नागपूरचा मुक्काम गळून पडतो.

पी. व्हीं.चा जन्म २८ जून १९२१ चा, वरंगळ भागातल्या लक्नेपल्लीचा. लहानपणीच ते वंगारा गावातल्या नातलग घराण्यात दत्तक गेले. घरी शेतजमीन होती. माध्यमिक शिक्षणासाठी हनमकोंडा गाठावे लागले. हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यातला. घरात तेलुगू, पण वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू होते. त्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते काढून विज्ञानाची पुस्तकेसुद्धा उर्दूत आणली होती. इंग्रजी हा सक्तीचा विषय असे, पण रसायन आणि गणित शिकायचे ते उर्दू परिभाषेत. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

नोव्हेंबर १९३८ मध्ये संस्थानातल्या वसतिगृहांमधून ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. औरंगाबाद आणि हैदराबादचे विद्यार्थी त्याविरुद्ध उभे राहिले आणि चळवळ इतर महाविद्यालयांत पसरली. मराठवाड्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाची गोष्ट सांगताना हा प्रसंग हटकून येतो. माफी लिहून द्यायला नकार देणाऱ्या शेकडो मुलांची नावे पटावरून काढली गेली. त्यांत सतरा वर्षांचे पी. व्ही. होते.

नाव काढले जाणे म्हणजे एक वर्ष वाया, एवढ्यावर भागत नव्हते. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचे तर पहिल्याचा दाखला लागतो आणि शिस्तभंगासाठी काढलेल्याला तो सुखासुखी मिळत नाही. शिवाय दुसरी विद्यापीठेही अशी कारवाई सहसा मानतात. संस्थानात दुसरे विद्यापीठच नव्हते, म्हणजे सीमा ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

नागपूर विद्यापीठाने हे दार उघडले. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या काळात उस्मानियातून काढलेल्या मुलांना इथे प्रवेश मिळाला. यात धाडस होतेच, पण परिस्थितीही अनुकूल होती. १९२३ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ मध्य प्रांत-वऱ्हाडचे होते. निजामाचा हुकूम इथे चालत नव्हता आणि १९३७ पासून प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. रेल्वेही सोयीची होती. काझीपेठ-बल्लारशा हा जोडमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाल्यापासून वरंगळकडचा माणूस चांदा (आजचे चंद्रपूर), वर्धा करत थेट नागपूरला उतरू शकत होता. त्याआधी हीच वाट लांबच्या वळशाची होती. नागपूरला मोठेपणा देताना या लोहमार्गाचे श्रेय आपण विसरतो.

अडचण उरली ती माध्यमाची. नागपूरला विज्ञान इंग्रजीतून. आलेल्या मुलांना विषय ठाऊक होता, त्याची परिभाषा नव्हती. उर्दूत पाठ केलेल्या व्याख्या परीक्षेत इंग्रजीत मांडायच्या, हे ओझे नव्या शहरातल्या राहण्या-खाण्याच्या विवंचनेइतकेच खरे. पी. व्हीं.ना भाषांची मुळातच गोडी, म्हणून ते त्यातून निभावले.

पुढे पुणे. फर्ग्युसनमधून बी. एस्सी. केल्यावर ते कायद्यासाठी नागपूरला परतले. हा क्रम उलटसुलट छापलेला आढळतो. तेव्हा एलएलबीला प्रवेश आधीची पदवी असेल तरच मिळे आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा असे, हे ध्यानात ठेवले की घोळ होत नाही. पहिल्या खेपेला नागपूर हा आसरा होता. दुसऱ्या खेपेला ते निवडीने आले. कायदा शिकायला शहर चांगलेच होते. १९३६ पासून इथे स्वतंत्र उच्च न्यायालय होते, १९४० मध्ये त्याची आजची देखणी इमारत खुली झाली, आणि विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात १९४३ पर्यंत एम. हिदायतुल्ला शिकवत होते. तेच पुढे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती झाले.

पदवीनंतर पी. व्ही. हैदराबादेत बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या हाताखाली वकिलीला लागले, पण वकिली फार टिकली नाही. १९४७-४८ मध्ये निजामाविरुद्धच्या लढ्यात ते पुन्हा सीमेच्या अलीकडे, चांद्याच्या शिबिरात आले. ज्या लोहमार्गाने विद्यार्थी म्हणून गेले, त्याच मार्गावरचे हे ठाणे.

नागपूर-पुण्याच्या या वर्षांतून त्यांना मिळालेली टिकाऊ गोष्ट म्हणजे मराठी. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली. १९८४ मध्ये ते हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन जागांवर लोकसभेला उभे राहिले. हनमकोंड्याने पाडले, रामटेकने निवडून दिले, आणि १९८९ मध्येही रामटेकनेच त्यांना दिल्लीला पाठवले. ‘बाहेरचा उमेदवार’ ही टीका तेव्हा झाली, पण रामटेकच्या सभांत त्यांना दुभाष्या लागत नव्हता.