ज्युनियर फॉर्म्युला शर्यती व मुंबईतील त्यांचा प्रेक्षकवर्ग

कार्टिंग (लहान, बुटक्या गाड्यांच्या शर्यती) आणि फॉर्म्युला वन यांच्या दरम्यान होणाऱ्या एकआसनी, उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यतींना ज्युनियर फॉर्म्युला शर्यती म्हणतात. त्यांतील बहुतेक चालक पंधरा ते बावीस-तेवीस वर्षांचे असतात. या शर्यतींचे निकाल हंगामामागून हंगाम ध्यानात ठेवणे आणि एखाद्या चालकाची वाटचाल त्याचे नाव कोणाला ठाऊक नसल्यापासून न्याहाळत राहणे, हा मोटार शर्यतींच्या रसिकांमधील एक वेगळा व चिकाटीचा छंद आहे. मुंबईत तो जोपासणारा वर्ग संख्येने लहान परंतु जाणकार आहे. शहरात शर्यतीचा एकही ट्रॅक नसताना हा वर्ग टिकून राहिला, याचे मोठे श्रेय याच शहरात वाढलेल्या एका चालकाला आणि शहराचे नाव लावून परदेशांत उतरणाऱ्या एका टीमला द्यावे लागते.

आजच्या पायऱ्या एफआयए या आंतरराष्ट्रीय महासंघाने आखून दिलेल्या आहेत. कार्टिंगमधून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी किमान पंधराव्या वर्षी फॉर्म्युला फोरमध्ये येते. ही श्रेणी २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या राष्ट्रीय मालिका अनेक देशांत भरतात. तिच्यापुढे फॉर्म्युला रीजनल, त्यानंतर एफ-३ (फॉर्म्युला थ्री) आणि शेवटी एफ-२ (फॉर्म्युला टू) अशी चढण आहे. एफ-३ ने २०१९ मध्ये जीपी-३ मालिकेची जागा घेतली, तर २००५ पासून चालत आलेली जीपी-२ मालिका २०१७ मध्ये एफ-२ झाली. या शेवटच्या दोन मालिका फॉर्म्युला वनच्याच आठवड्यात, त्याच ट्रॅकवर होतात, त्यामुळे वरच्या संघांचे प्रमुख आपल्या डोळ्यांनी या मुलांना पाहू शकतात. एफ-३ ची गाडी सुमारे ३८० अश्वशक्तीची, तर एफ-२ ची सुमारे ६२० अश्वशक्तीची असते. दोन्हींत पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे सतरा-अठरा वर्षांच्या चालकाला मान, खांदे आणि मनगटे यांची तयारी वर्षभर करावी लागते.

या मालिकांचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे सर्व टीमना सारखीच गाडी मिळते. चॅसिस म्हणजे गाडीचा सांगाडा डॅलाराचा, इंजिन मेकाक्रोमचे, टायर पिरेलीचे. टीमने बदलायचे ते सस्पेन्शन, विंगचे कोन, टायरमधील हवेचा दाब यांसारखे जुळणीचे तपशील. फॉर्म्युला वनमध्ये चालक चांगला की गाडी चांगली हा वाद कधी मिटत नाही. येथे तो पुष्कळसा आटोक्यात येतो. तरीही सगळी समानता गृहीत धरणे चूक ठरेल, कारण अनुभवी इंजिनिअर, सिम्युलेटर आणि जुन्या हंगामांची माहिती ज्या टीमकडे जास्त, तिचे चालक वर दिसतात. म्हणून जाणकार प्रेक्षक एखाद्याचा क्रमांक पाहण्याआधी त्याच्या टीममेटचा क्रमांक पाहतो. तीच टीम, तीच गाडी, तोच दिवस. तेथे अर्ध्या सेकंदाचा फरक सातत्याने राहिला तर त्याला निमित्त सापडत नाही.

एफ-२ च्या आठवड्यात शुक्रवारी ४५ मिनिटांचा सराव आणि ३० मिनिटांची पात्रता फेरी, शनिवारी छोटी स्प्रिंट रेस आणि रविवारी मोठी फीचर रेस असा क्रम असतो. फीचर रेससाठी गाड्या पात्रता फेरीच्या क्रमाने उभ्या राहतात आणि टायर बदलण्यासाठी एकदा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, यावेच लागते. स्प्रिंट रेसमध्ये मात्र पात्रता फेरीतील पहिले दहा चालक उलट क्रमाने उभे केले जातात; एफ-३ मध्ये ही उलटापालट पहिल्या बारा जणांची असते. दहावा आलेला पहिल्या जागेवरून सुटतो आणि पोल मिळवणारा, म्हणजे पात्रता फेरीत पहिला आलेला, पाचव्या रांगेत जातो. त्यामुळे नुसता ‘विजयी’ हा शब्द वाचून मत बनवणे धोक्याचे. स्प्रिंट रेस जिंकणाऱ्याला १० गुण मिळतात, फीचर रेस जिंकणाऱ्याला २५, आणि पोलसाठी वेगळे २ गुण आहेत. गुणांची ही विभागणीच कोणत्या यशाला किती वजन द्यायचे ते सांगते. दहाव्या जागेवरून सुटून टायर जपत, शेवटच्या फेऱ्यांत एकेकाला मागे टाकून चौथा येणारा चालक पुष्कळदा विजेत्यापेक्षा अधिक लक्षात ठेवण्याजोगा असतो. पिरेलीचे टायर लवकर तापतात आणि झिजतात. ते राखून ठेवण्याची समज ज्याला लवकर आली, तो पुढे टिकतो असा साधारण अनुभव आहे.

वयाचा आणि हंगामांच्या संख्येचा हिशोबही ठेवावा लागतो. शार्ल लक्लेर २०१७ मध्ये व जॉर्ज रसेल २०१८ मध्ये आपल्या पहिल्याच एफ-२ हंगामात विजेते झाले. ऑस्कर पियास्त्रीने २०२० मध्ये एफ-३ आणि २०२१ मध्ये एफ-२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली, आणि गॅब्रिएल बोर्तोलेतोने २०२३ व २०२४ मध्ये तेच करून दाखवले. हे चौघेही फॉर्म्युला वनमध्ये पोहोचले. उलट २०२२ चा विजेता फेलिपे द्रुगोविच आणि २०२३ चा विजेता तेओ पूरशेर यांना विजेतेपद तिसऱ्या पूर्ण हंगामात मिळाले आणि पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये त्यांच्या वाट्याला राखीव चालकाचीच जागा आली. अँड्रिया किमी अँटोनेली २०२४ मध्ये एफ-२ मध्ये सहावा होता, तरी २०२५ मध्ये मर्सिडीजने त्याला घेतले. विजेतेपद हा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे, हे ही उदाहरणे शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते.

फॉर्म्युला वनचा दरवाजा सुपर लायसन्स या खास परवान्याशिवाय उघडत नाही. मॅक्स व्हर्स्टापेन २०१५ मध्ये सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरल्यानंतर एफआयएने २०१६ पासून नियम कडक केले. तीन हंगामांत मिळून परवान्यासाठीचे ४० गुण आणि साधारणपणे वयाची अठरा वर्षे, अशी अट आली. एफ-२ मध्ये पहिल्या तिघांना एकाच हंगामात पूर्ण ४० गुण मिळतात. चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १० आणि सातव्याला अवघे ८. तिसरा आणि सातवा यांच्यात प्रत्यक्ष वेगाचा फरक फेरीमागे सेकंदाच्या काही दशांशांचा असू शकतो, परंतु एकाचे भवितव्य उघडते आणि दुसऱ्याला पुन्हा एक हंगाम विकत घ्यावा लागतो. हंगामाच्या उत्तरार्धात चाहते गुणतक्त्यातील चौथ्या-पाचव्या जागेसाठी जीव टाकतात, ते यामुळे.

मुंबईकरांना हा हिशोब जवळून कळला तो जेहान दारूवालामुळे. १ ऑक्टोबर १९९८ रोजी जन्मलेल्या जेहानने कार्टिंगचे आरंभीचे धडे मुंबईचे कार्टिंगपटू व प्रशिक्षक रायोमंड बनाजी यांच्याकडे घेतले. फोर्स इंडिया संघाने २०११ मध्ये देशभर घेतलेल्या ‘वन फ्रॉम अ बिलियन’ या शोधमोहिमेत निवडलेल्या तिघांत तो होता; बंगळुरूचा अर्जुन मैनी हा दुसरा. पुढे युरोपात राहून त्याने २०१७ मध्ये नोरिसरिंग येथे युरोपीय एफ-३ मालिकेतील शर्यत जिंकली आणि २०१९ मध्ये प्रेमा टीमकडून एफ-३ मध्ये एकंदर तिसरा क्रमांक मिळवला. त्यानंतर रेड बुल या फॉर्म्युला वन संघाच्या ज्युनियर टीमने त्याला आपल्याकडे घेतले.

त्याचा २०२० चा हंगाम या छंदाचे सगळे धडे एकत्र देतो. कार्लिन टीममध्ये त्याचा टीममेट जपानचा युकी त्सुनोदा होता, आणि दोघेही रेड बुलचेच. त्सुनोदा मालिकेत तिसरा आला, जेहान बारावा. त्सुनोदा पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. परंतु त्याच हंगामाची शेवटची शर्यत, ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमधील सखीरच्या बाह्य ट्रॅकवर झालेली स्प्रिंट रेस, जेहानची होती. हा ट्रॅक अवघा साडेतीन किलोमीटरचा. एकामागून एक लांब सरळ पट्टे, त्यामुळे पुढे गेलेल्याला पुढे राहू न देणारा. पहिल्या रांगेतून सुटलेला जेहान डॅन टिक्टमशी पुनःपुन्हा जागा बदलत झुंजला, पुढे निसटला आणि मागून झपाट्याने आलेल्या त्सुनोदाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवून जिंकला. एफ-२ ची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. त्याच शर्यतीत मिक शूमाकर अठरावा येऊनही मालिकेचा विजेता ठरल्यामुळे जगाचे कॅमेरे त्याच्याकडे वळले. येथे मात्र त्या दिवसाची आठवण पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावर, वाजलेल्या ‘जन गण मन’ची आहे.

पुढच्या दोन हंगामांत, २०२१ मध्ये कार्लिनकडून आणि २०२२ मध्ये प्रेमाकडून, जेहान सातवा आला. मोंझा येथे २०२२ मध्ये त्याने फीचर रेस जिंकली. आधीचे विजय स्प्रिंट रेसमधील असल्यामुळे जाणकारांच्या लेखी हा त्याचा सर्वांत भक्कम विजय ठरतो. त्या वर्षी मॅकलॅरेनने त्याला फॉर्म्युला वनच्या गाडीत चाचणीची संधी दिली, तथापि कायमची जागा मिळाली नाही. २०२३ च्या एफ-२ हंगामानंतर तो मासेराटी संघातून फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेत गेला. जेहानची वाटचाल अपयशाची म्हणणे अन्यायाचे आहे. वीस-बावीस जणांच्या त्या मैदानात चार वर्षे पोडियमसाठी झगडत राहणे ही भारतीय मोटार शर्यतींच्या इतिहासातील मोठी कामगिरी आहे, आणि नारायण कार्तिकेयन व करुण चंदोक या फॉर्म्युला वन गाठलेल्या दोघांच्या बरोबरीने तिची नोंद व्हायला हवी.

मुंबई फाल्कन्स ही टीम दुसऱ्या अंगाने महत्त्वाची. तिने २०२१ मध्ये आशियाई एफ-३ मालिकेत जेहान दारूवाला आणि कुश मैनी या दोन भारतीयांना उतरवले. नंतरच्या वर्षांत आखातातील हिवाळी मालिकांमध्ये तिच्या गाड्यांतून आर्थर लक्लेर २०२२ मध्ये व अँटोनेली २०२३ मध्ये फॉर्म्युला रीजनलचे विजेते झाले. आज फॉर्म्युला वनमध्ये असलेला अँटोनेली एकेकाळी ‘मुंबई’ असे लिहिलेल्या गाडीत बसला होता, हे येथील चाहते अभिमानाने सांगतात. जानेवारी-फेब्रुवारीत होणाऱ्या या शर्यती मुंबईला सोयीच्या आहेत. दुबई व अबुधाबी विमानाने तीनेक तासांवर आणि वेळेत दीड तासाचाच फरक.

एरवी हा छंद पडद्यावरच जगतो. युरोपातील उन्हाळी हंगामात एफ-३ ची मोठी शर्यत आपल्याकडे रविवारी दुपारी बाराच्या सुमारास आणि एफ-२ ची दीडच्या सुमारास सुरू होते, म्हणजे घरात पाने वाढली जात असतानाच. मेलबर्नची शर्यत मात्र पहाटे. शर्यतीइतकाच वेळ पात्रता फेरीतील वेळांच्या तक्त्यावर घालवणारे लोक यांत आहेत. एका फेरीत कोणाला समोर मोकळा ट्रॅक मिळाला, कोणाची चांगली फेरी सगळ्यांना थांबवणाऱ्या लाल झेंड्याने वाया गेली, ट्रॅकच्या मधल्या सेक्टरमध्ये कोण सर्वांत जलद होता, यावरून ते गुणतक्त्यात न दिसणारी प्रतिभा ओळखतात. आझाद मैदानावर हॅरिस शील्डचे सामने बघत शाळकरी फलंदाज हेरणाऱ्या मुंबईकरांची नजर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही वृत्ती परकी वाटणार नाही. फरक एवढाच की मैदानावरचा मुलगा गुणांच्या बळावर पुढच्या संघात जाऊ शकतो. येथे गुणांबरोबर पैसाही लागतो.

तो पैसा थोडाथोडका नाही. एफ-२ च्या एका हंगामाचा खर्च वीस लाख युरोंच्या पुढे जातो असे सामान्यतः मानले जाते, आणि तोपर्यंत कार्टिंग, एफ-४ व एफ-३ यांची वर्षे वेगळी. एखादे नाव हंगामाच्या मध्येच यादीतून गळते, तेव्हा कारण वेगाचे नसून प्रायोजकाचे असणे नवलाचे नाही. मुंबईच्या मुलांची अडचण तर पहिल्याच पायरीपासून सुरू होते. शहरात जागेची टंचाई, पावसाळ्यात उघड्यावरचे कार्टिंग जवळजवळ बंद. गंभीर सरावासाठी कुटुंबे कोल्हापूर किंवा बंगळुरू गाठतात. कोल्हापूरने या खेळाला मोहिते यांच्या ट्रॅकसारखी जागा आणि ब्रिटिश एफ-३ पर्यंत गेलेला कृष्णराज महाडिक यांसारखा चालक दिला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे.

हे चालक वयाने लहान आहेत आणि त्यांचा खेळ जिवावरचा आहे. स्पा-फ्रँकोरशाँ येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी एफ-२ च्या शर्यतीत आंत्वान युबेरचा मृत्यू झाला. त्याच अपघातात पायांना गंभीर इजा झालेला हुआन मानुएल कोरेआ २०२१ मध्ये एफ-३ मधून परत आला. याच ट्रॅकवर २०२३ मध्ये फॉर्म्युला रीजनलच्या शर्यतीत डिलानो व्हान ट होफ हा अठरा वर्षांचा चालक दगावला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने ब्रेक उशिरा दाबला म्हणून त्याला समाजमाध्यमांवर झोडपणारे लोक ही बाब विसरतात. चूक मोजावी, मुलगा मोडीत काढू नये, ही मर्यादा या छंदात पाळलीच पाहिजे.

सध्या भारतीय प्रेक्षकांचे लक्ष प्रामुख्याने अर्जुनचा धाकटा भाऊ कुश मैनीवर आहे. त्याने २०२४ मध्ये हंगेरीत आणि २०२५ मध्ये मोनॅको येथे एफ-२ ची स्प्रिंट रेस जिंकली. देशातही २०२३ पासून एफआयएच्या मान्यतेची एफ-४ मालिका भरते. तिच्या फेऱ्या चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूर येथील ट्रॅकवर होतात, आणि २०२४ मध्ये चेन्नई शहरातील रस्त्यांवर दिव्यांच्या उजेडात तिची रात्रीची शर्यत झाली. तेथे परदेशी चालकही उतरत असल्यामुळे, भारतीय मुलांचा वेग कोणाच्या तुलनेत किती आहे हे युरोपात जाण्याआधीच काही प्रमाणात कळू लागले आहे.