राज्यशास्त्राची पदवी निवडण्यापूर्वी : विद्यार्थी आणि पालकांसाठी माहितीपत्रक

विद्यापीठात राज्यशास्त्र शिकावे का, हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येणारे शालेय विद्यार्थी बहुधा दोनपैकी एक वाक्य बोलतात. "मला राजकारणात जायचे नाही, मग या विषयाचा उपयोग काय?" हे एक, आणि "मी रोज बातम्या पाहतो, त्यामुळे हा विषय मला सोपा जाईल" हे दुसरे. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. राज्यशास्त्र हा पुढारी घडवणारा वर्ग नाही आणि चालू घडामोडींची उजळणीही नाही. सत्ता कोणत्या नियमांनी हाती येते, लोक ती का मानतात, कधी झुगारतात आणि एकाच प्रकारची संस्था एका देशात टिकून दुसऱ्या देशात का कोसळते, याची कारणे पुराव्यानिशी शोधणे हे या विषयाचे काम आहे. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यव्यवस्थांची माहिती जमवली होती, असे परंपरेने सांगितले जाते. एका राज्याविषयी मत देण्यापूर्वी अनेक राज्ये शेजारी ठेवून पाहण्याची ही सवय आजच्या तुलनात्मक राजकारणाच्या अभ्यासातही कायम आहे.

हा विषय आपल्याला मानवेल का, हे वर्णन वाचून कळत नाही. त्यातले काम थोडे करून पाहावे लागते. म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही विद्यार्थ्यासमोर एक साधे कोडे ठेवतो. तीन मित्रांना क, ख आणि ग यांपैकी एक पर्याय निवडायचा आहे. पहिल्याचा पसंतीक्रम क, ख, ग असा आहे, दुसऱ्याचा ख, ग, क आणि तिसऱ्याचा ग, क, ख. दोन-दोन पर्यायांवर मतदान घेतले, तर क हा ख ला हरवतो, ख हा ग ला हरवतो आणि ग हा क ला हरवतो, तेही प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने. मग "बहुमताची इच्छा" नेमकी कोणती? फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने ही अडचण १७८५ मध्ये मांडली आणि अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये तिचे व्यापक गणिती रूप सिद्ध केले. त्यानंतर आम्ही खऱ्या निवडणुकीकडे वळतो. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मते मिळाली, पण ६५० पैकी ४११ जागा त्याच्याकडे गेल्या. न्यूझीलंडने मात्र १९९३ मध्ये सार्वमत घेऊन मतदानपद्धत बदलली आणि १९९६ पासून पक्षाच्या एकूण जागा त्याच्या मतांच्या प्रमाणाशी जोडल्या. यांपैकी न्याय्य काय, याचे तयार उत्तर आम्ही देत नाही. उत्तर मिळत नाही म्हणून विद्यार्थी कंटाळतो की पुढचा प्रश्न विचारतो, एवढेच आम्ही पाहतो, आणि आमच्या मते गुणपत्रिकेपेक्षा ही खूण अधिक बोलकी असते.

दुसऱ्या बैठकीत अभ्यासक्रम वाचतो. हा विषय निरनिराळ्या नावांनी शिकवला जातो, त्यामुळे केवळ नावावरून शोध घेणारा विद्यार्थी चांगले पर्याय गमावतो: हार्वर्डमध्ये आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विभागाचे नाव 'गव्हर्नमेंट' आहे, प्रिन्स्टनमध्ये 'पॉलिटिक्स', तर ऑक्सफर्डमध्ये १९२० च्या सुमारास सुरू झालेल्या एका पदवीत तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकता येते. नावापेक्षा पहिल्या दोन वर्षांतील सक्तीचे विषय पाहावेत, असा आमचा आग्रह असतो. राजकीय सिद्धांत, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध आणि लोकप्रशासन या शाखा बहुतेक ठिकाणी भेटतात. त्यांना दिलेले वजन मात्र बरेच वेगळे असते. गणित टाळण्यासाठी म्हणून या विषयाकडे येणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण अनेक विद्यापीठांत संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र सक्तीचे असते, आणि हे प्रवेशानंतर कळणे फार त्रासाचे ठरते.

पदवीनंतर प्रशासन, पत्रकारिता, कायदा, धोरण-संशोधन, आंतरराष्ट्रीय संस्था आणि अध्यापन असे मार्ग आहेत. तथापि, ही पदवी वैद्यकीय पदवीसारखी एका ठरावीक व्यवसायाचा परवाना देत नाही, हे आम्ही पालकांना सुरुवातीलाच सांगतो. कायद्यासारख्या क्षेत्रात पुढे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागू शकते.

प्रवेशाची हमी आम्ही देत नाही, आणि विद्यार्थ्याच्या नावाने निबंध किंवा अर्ज लिहून देत नाही. त्याने लिहिलेल्या मसुद्यावर शेरे देतो. विद्यार्थ्याचा किंवा त्याच्या कुटुंबाचा कल कोणत्या पक्षाकडे आहे, हे आम्ही विचारत नाही. पालकांनी बैठकीला अवश्य यावे, फक्त मुलाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यालाच देऊ द्यावे. (ही विनंती आम्हाला प्रत्येक बैठकीत निदान एकदा पुन्हा करावी लागते.)

पहिल्या बैठकीला येताना विद्यार्थ्याने एकाच सार्वजनिक प्रश्नावर परस्परविरोधी भूमिका घेणारे दोन लेख आणावेत, आणि ज्या लेखाशी तो असहमत आहे, त्यातील सर्वांत भक्कम मुद्दा स्वतःच्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहून आणावा.