रांजण चाकावर अर्धाच घडतो

मे महिन्यात सावंतवाडीकडे जाताना वाटेतल्या एका कुंभारवाडीत थांबलो होतो. मुंबईहून आलेलं एक कुटुंब आधीच तिथे बसलं होतं. विजेचं चाक फिरत होतं, काकांच्या बोटांच्या चिमटीतून एकामागून एक पणत्या निघत होत्या, आणि त्या कुटुंबातला शाळकरी मुलगा हट्टाला पेटला होता : "आता मोठा रांजण करून दाखवा ना!" काकांनी नाही म्हटलं नाही. भलामोठा गोळा चाकावर आपटून बसवला, पाण्याचा हात फिरवला आणि जाडजूड भिंतीचं, बादलीएवढं एक भांडं वर ओढलं. गळा सुरेख, काठ गोल, पण खाली तळ नाही आणि मधे पोट नाही. मुलाचा चेहरा पडला. मीच विचारलं, "काकानू, हो इतकोच?"

"चाकार इतकोच येता. उरलेलो थापून काढूचो लागता," म्हणाले, आणि ते भांडं दोन्ही हातांनी उचलून सावलीत नेऊन ठेवलं.

मोठं भांडं म्हणजे मोठा गोळा आणि जोरात फिरणारं चाक, असा आपला समज असतो. विजेची चाकं गावोगाव पोचल्यापासून तो आणखी घट्ट झालाय. पण चाकाचा इतिहास पाहिला, तर मोठी भांडी एका दमात चाकावर निघाल्याचं फारसं कुठे दिसत नाही.

कारण साधं आहे. ओली माती स्वतःचं वजन एका मर्यादेपर्यंतच पेलते. भिंत उंच ओढत गेलं की खालचा भाग वरच्या भाराने बसतो आणि भांडं कमरेत वाकतं. दुसरं, भांडं कोपरापेक्षा खोल झालं की आतला हात तळापर्यंत पोचत नाही. आणि तिसरी गोष्ट आपल्या जुन्या चाकाची. हे चाक म्हणजे जमिनीलगत एका टोकदार खुंटीवर तोललेली जड चकती. बाजूच्या खाचेत दांडकं घालून ते गरगरा फिरवायचं, मग उकिडवं बसून त्याचा वेग आहे तोवर काम उरकायचं. पणती, गाडगं, घागरीचा गळा यांना तो वेग पुरतो. मोठा गोळा मात्र हाताच्या दाबाने चाकालाच अडवतो. मग पुन्हा दांडकं, पुन्हा फिरवणं, आणि तेवढ्यात ओली भिंत डुलायला लागलेली असते.

म्हणून थोराड भांड्यांसाठी कुंभारांनी फार पूर्वीच वेगळी वाट काढली. सिंधू संस्कृतीत काळ्या लेपाचे साठवणीचे मोठे रांजण सापडतात. त्यांचा खालचा भाग साच्यात घडवलेला आणि वरचा मातीच्या वळ्या एकावर एक चढवून, फिरवत सारखा केलेला असे. तेच रांजण समुद्र ओलांडून ओमानच्या किनाऱ्यावर गेले, आणि तिथल्या उत्खननात त्यांचे तुकडे निघाले. चार हजार वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. आपल्याकडे घाटावर, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीची नक्षीदार पातळ भांडी तिथे चाकावरची आहेत, पण साठवणीचे जाड रांजण हाताने घडवलेले. त्याच गावात चार पायांच्या एका प्रचंड रांजणात बसत्या स्थितीत पुरलेला माणूस सापडला. म्हणजे लहान भांडं चाकाचं आणि मोठं हाताचं, ही वाटणी तेव्हाच झाली होती. पुढे या दोन्ही रीती एकाच भांड्यात एकत्र आल्या, हा मला या कलेतला सगळ्यात मोठा शोध वाटतो.

कोकणाला मोठ्या भांड्यांची ओळख दोन्ही बाजूंनी झाली. घाटावरून कारागिरी आली आणि समुद्राकडून परकी भांडी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावं आहेत. रोमन जहाजांतून दारू यायची ती दोन कानांच्या उंच, निमुळत्या कुंभांतून. असा एक कुंभ साधारण 26 लिटरचा. त्याचं अंग चाकावर घडवून मान आणि कान नंतर जोडलेले असत. घारापुरी बेटावर मोराबंदर भागात अशा परदेशी कुंभांच्या खापऱ्या ढिगाने मिळाल्या. बरीच वर्षं त्या सगळ्या रोमन समजल्या जात होत्या. नीट तपासल्यावर लक्षात आलं, की त्यांतल्या कितीतरी मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताकडून आलेल्या लांबोड्या रांजणांच्या आहेत. हे रांजण बिनकानांचे, बुडाला निमुळते, आणि आतून डांबराने माखलेले. डांबर अशासाठी, की भाजलेली माती सच्छिद्र असते आणि आतला द्रव झिरपून जाऊ नये. एका खापरीच्या आतल्या बाजूला काळा थर दिसला, की ते भांडं कुठून आणि काय घेऊन आलं याचा अंदाज बांधता येतो.

असाच आणखी एक पाहुणा म्हणजे मर्तबान. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून जाणाऱ्या झिलईच्या थोरल्या बरण्यांना अरबी समुद्रापर्यंत हेच नाव पडलं. कोकणातल्या घरांत लोणच्याला आणि मिठाला झिलईची बरणी, आणि पाण्याला बिनझिलईचा रांजण, ही विभागणी पक्की होण्यामागे हा सागरी व्यापारही आहे. झिलईच्या भांड्यातून काही झिरपत नाही, म्हणून खार टिकतो. बिनझिलईच्या भांड्याच्या अंगावर पाणी पाझरतं, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं.

आता थापण्याकडे येतो, कारण खरा रांजण तिथेच घडतो.

चाकावरून उतरवलेलं ते बिनबुडाचं भांडं काही तास सावलीत ठेवतात. माती चामड्यासारखी झाली, म्हणजे बोट रुतत नाही पण वाकते, की कामाला सुरुवात. आतून डाव्या हातात गुळगुळीत दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून त्याच जागी उजव्या हाताने लाकडी थापटणं मारायचं. माती चिकटू नये म्हणून दोन्हींना राख लावायची. प्रत्येक फटक्याला भिंत दोन्हीकडून दाबली जाते, पातळ होते आणि बाहेर पसरते. भांडं मांडीवर किंवा खळग्यात ठेवून हळूहळू फिरवत राहायचं. एक फेरी झाली की पुन्हा वाळवण, मग पुन्हा फेरी. बुडाचं भोक हळूहळू मिटत जातं आणि तळ गोल होतो. अंगठ्याएवढी जाड भिंत पातळ होत जाते, बादलीएवढ्या भांड्याला दोन हातांच्या कवेत न मावणारं पोट सुटतं. त्या दुपारी मी पाहिलं ते पहिल्या फेरीचं काम. थापटण्याचा आवाज सुरुवातीला ओल्या कपड्यावर धपाटा मारावा तसा भद्द होता. तासाभराने तो बदलला, टणक आणि मोकळा झाला. काका भांड्याकडे बघत नव्हते, आवाजाकडेच कान होता.

गोल बुडाचंही कारण आहे. कोपरा असला की तिथे ताण साचतो, आणि चुलीवर किंवा भट्टीत तडा पहिल्यांदा तिथेच जातो. गोल तळ आच सगळीकडे सारखी वाटून घेतो, तीन दगडांच्या चुलीवर बसतो आणि चुंबळीवरही बसतो.

घरी कुणाकडे जुना रांजण असेल तर आत हात घालून बघा. गळ्याशी बोटांना आडव्या बारीक रेषा लागतील, त्या चाकाच्या. खांद्याखाली गेलात की उथळ खळगे लागतात, एकाशेजारी एक. ते गोट्याचे. आमच्या घरच्या न्हाणीतल्या रांजणात ते खळगे इतके नेमक्या ओळीत आहेत, की लहानपणी मी ती नक्षीच समजत होतो.

हे थापटणं मराठी माणसाला परकं नाही. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे कशासाठी म्हणून विचारलं, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर मारून कोणतं मडकं पक्कं नि कोणतं कच्चं ते सांगितलं. नामदेव कच्चे ठरले आणि पुढे विसोबा खेचरांकडे गेले. गोष्टीत थापटणं पारखायला येतं. कुंभारवाडीत त्याचं जास्त काम मात्र कच्च्या मडक्यावरच असतं, तेच त्याला मोठं करतं. कुंभाराच्या घरचं कुणी ही गोष्ट ऐकत असेल, तर त्याच्या कानाला हा अर्थ आधीच लागत असेल.

थापण्याबद्दल बोलताना घरातल्या बायकांचं काम सांगायलाच हवं. देशाच्या बऱ्याच भागांत बाईने चाकाला हात लावायचा नाही, असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या होता. पण माती आणणं, चाळणं, तुडवणं, मळणं, राख चाळून ठेवणं, पोट थापणं, घोटून चकाकी आणणं आणि बाजारात नेऊन विकणं यांत तिचा हात असतोच. चाकावरचं काम काही मिनिटांचं, त्याच्या पुढचं-मागचं कित्येक दिवसांचं. तरी भांडं कोणाचं म्हटलं तर चाकावर बसलेल्याचं. मला हे नेहमी खुपतं. रांजणाचं पोट जिच्या हाताखाली सुटलं, तिचं नाव त्या भांड्याशी जोडलं जात नाही.

कोकणात या कामाला आणखी दोन गोष्टी बांधून ठेवतात : माती आणि पाऊस. आपली लाल माती जांभ्याची झीज आहे. ती खरखरीत असते, नुसती घेतली तर चाकावर फाटते. म्हणून कुंभार शेताच्या खालच्या थरातली, तळ्याच्या तळाची किंवा मळ्यातली चिकण माती शोधतो. ती नुसती वापरली तर वाळताना आकसून तडकते, म्हणून तिच्यात बारीक वाळू मिसळतो. मोठ्या भांड्यात हे प्रमाण चुकलं तर पस्तावायला होतं, कारण भिंत जितकी मोठी तितकी ती एका बाजूने लवकर आणि दुसऱ्या बाजूने उशिरा वाळते, आणि त्या ओढाताणीत चीर पडते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओतणाऱ्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही. त्यामुळे रांजणाचा हंगाम दिवाळीनंतरचा. उघड्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, गवत, पेंढा, नारळाची सोडणं, शेणी आणि लाकूड रचून, वरून खापऱ्या नि चिखलाने झाकून भाजणी होते. उष्णता साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत जाते. ती सगळीकडे सारखी नसते, आणि मोठ्या भांड्याला सगळ्यात जास्त दगा तिथेच बसतो. आठवडाभराचं काम एका रात्रीत फुटलेलं पाहिलं आहे मी. त्या घरात दुसऱ्या दिवशी कुणी फार बोलत नव्हतं.

या सगळ्या खटाटोपाला मागणी होती म्हणून ती कला टिकली. पडवीत पिण्याच्या पाण्याचा रांजण, न्हाणीत दुसरा. खारवलेली मासळी, आमसुलं, मीठ यांना वेगवेगळी मडकी. गोव्याकडे काजूच्या फेणीच्या भट्टीत रस उकळायचं भांडं मातीचं असे, आणि वाफ थंड होऊन थेंब थेंब साचायची ती मातीच्याच मडक्यात. पुढे उकळायला तांब्याचं भांडं आलं. 2009 मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण भट्टीतली माती तोवर बरीच मागे पडली होती. बारा बलुतेदारांत कुंभार होताच. गाडग्या-मडक्यांच्या बदल्यात धान्य, हा व्यवहार गावात चालायचा. मग पितळ, ॲल्युमिनियम, नळ, प्लास्टिकचे ड्रम आणि फ्रीज आले. सगळ्यांत आधी गेला तो रांजण, कारण तो करायला सगळ्यात कठीण आणि त्याची जागा घ्यायला ड्रम सगळ्यात सोपा. पणत्या, कुंड्या, माठ राहिले. ज्याला रोज पणत्याच काढायच्या आहेत त्याचा थापण्याचा हात हळूहळू जातो.

दुसऱ्या बाजूला मुंबईत वेगळाच प्रवाह सुरू झाला होता. सर जे. जे. कलाशाळेत 1870 च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाची कार्यशाळा उभी केली. सिंधी भांड्यांच्या धर्तीची झिलई आणि अजिंठ्याच्या नक्षीवरून घेतलेली सजावट, अशा सुरया आणि कलश तिथून निघाले. 1930 च्या दशकात सौराष्ट्रातले कुंभार धारावीत वसले आणि तिथला कुंभारवाडा उभा राहिला. पुढे स्टुडिओ पॉटरी, म्हणजे कलावंताने आपल्या कार्यशाळेत करायचं कुंभारकाम, आली, खुर्चीवर बसून फिरवायचं चाक आलं, मग मोटर आली. भाईंदरला काम करणाऱ्या ब्रह्मदेव पंडितांना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या कामाची दखल देशाने घेतली.

मोटरवाल्या चाकाने दांडक्याची अडचण सुटली. दहा-पंधरा किलो माती बसवली तरी चाक थांबत नाही. पण मातीचं वजन आणि हाताची लांबी तीच राहिली. म्हणून स्टुडिओतही मोठं भांडं टप्प्याटप्प्यानेच होतं. खालचा भाग काढायचा, काठ थोडा आवळू द्यायचा, वरचा भाग वेगळा काढून मापाने उलटा त्यावर बसवायचा, सांधा ओल्या मातीने भरून पुन्हा फिरवत एकजीव करायचा. किंवा काठावर जाड वळी चढवून तीच ओढून उंच करायची. कोरियातले किमचीचे ओंगी रांजण वळ्या, चाक आणि थापटणं यांच्या मिळून होतात. क्रीट बेटावरचे पिथोई तर एका रांगेत मांडलेल्या लहान चाकांवर घडायचे : एकावर थर चढवेपर्यंत दुसऱ्यावरचा सुकायचा. जॉर्जियातले दारूचे प्रचंड क्वेव्री, ज्यांची परंपरा युनेस्कोने 2013 मध्ये वारसा यादीत घेतली, ते वळ्या चढवूनच. कुठेही जा, मोठ्या भांड्याला थांबावं लागतं.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 2018 मध्ये कुंभार सशक्तीकरण योजना आणली आणि विजेची चाकं वाटायला सुरुवात केली. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांतही कुंभार आहे, अवजारांसाठी 15 हजार रुपयांची मदत आहे. चांगलं आहे, खांद्यांचं दुखणं कमी झालं. माझी मागणी एवढीच, की प्रशिक्षणात थापटण्यालाही चाकाएवढा वेळ मिळावा, आणि ते शिकवायला वाडीतल्याच थापणाऱ्या बायकांना मानधन देऊन बोलवावं. चाक पंधरवड्यात जमायला लागतं. गोटा आणि थापटणं एका ठेक्यात आणायला हंगाम जातात.

त्या दिवशी मुंबईचं कुटुंब पणत्या घेऊन गेलं. मी थांबलो. उन्हं कलल्यावर काकी आल्या, सावलीतल्या भांड्याला बोटाने दाबून पाहिलं, राखेची वाटी जवळ ओढली आणि बसल्या. एका रिसॉर्टने बागेत ठेवायला सहा रांजण मागितले आहेत, असं काका सांगत होते. "पाणी भरूचे नाय म्हणतत, नुसते ठेवूचे." काकींचं थापणं सुरू झालं होतं. त्या म्हणाल्या, "ठेवूंदेत. पण पाणी भरला तर गळाक नये, असोच करूचो."