‘परवा’ मागे की पुढे? लोझबान भाषेतील काळाची रचना

रावेर-सावद्याकडे केळीच्या हंगामात फोनवर ‘गाडी परवा’ एवढाच निरोप आला, तर गाडी भरून गेली की भरायची आहे, हे ऐकणाऱ्याला उमगणार नाही. ‘परवा’ हा शब्द आजपासूनचे अंतर सांगतो, दिशा सांगत नाही. ती ‘भरली’ किंवा ‘भरू’ या क्रियापदातून कळते. अंतर आणि दिशा यांची ही फारकत जिच्या व्याकरणात मुळापासून पाळली गेली आहे, अशी एक रचलेली भाषा म्हणजे लोझबान. अमेरिकेतील जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ साली तर्कशास्त्राच्या पायावर लॉगलान ही भाषा रचायला घेतली, आणि तिच्याच आधारे १९८७ पासून लोझबान स्वतंत्रपणे घडत गेली.

शाळेत तीन काळ पाठ केल्यामुळे काळाशिवाय क्रियापद असूच शकत नाही, असा आपला समज होतो. लोझबानमध्ये मात्र ‘मी क्लामा’ हे पूर्ण वाक्य आहे आणि त्याचा अर्थ संदर्भाप्रमाणे मी जातो, गेलो किंवा जाईन असा होतो. (हा ‘मी’ अर्थानेही आपल्या ‘मी’सारखाच आहे!) काळ सांगायचाच असेल तर ‘पु’ म्हणजे मागे, ‘शा’ म्हणजे त्याच वेळी आणि ‘बा’ म्हणजे पुढे, हे शब्द क्रियापदाआधी ठेवतात. अंतरासाठी ‘झि’, ‘झा’, ‘झु’ म्हणजे थोडे, मध्यम आणि फार, असे वेगळे शब्द आहेत. ‘मी पु झु क्लामा’ म्हणजे मी फार पूर्वी गेलो. पण ‘पु’ गाळून ‘मी झु क्लामा’ म्हटले, तरी वाक्य शुद्धच राहते, फक्त फार मागे की फार पुढे, हे ‘परवा’सारखेच मोकळे राहते.

खरे सौंदर्य हे शब्द एकापुढे एक ठेवण्यात आहे. ऐकणाऱ्याने बोलण्याच्या क्षणी उभे राहून प्रवासाला निघावे, आणि प्रत्येक शब्दासरशी जिथे पोहोचला असेल तिथूनच पुढचे पाऊल टाकावे, असा नियम आहे. ‘पु बा’ ऐकले की आधी मागे जायचे आणि त्या मागच्या क्षणापासून पुढे यायचे. म्हणून ‘मी पु बा क्लामा’ म्हणजे ‘मी जाणार होतो’. क्रम उलटून ‘बा पु’ केले, तर आधी पुढे जाऊन तिथून मागे वळायचे, म्हणजे ‘मी गेलेलो असेन’. मराठीत ‘जाणार होतो’ म्हटले की बहुधा जाणे झाले नाही असे सूचित होते, पण ‘पु बा’ तसे काहीच सुचवत नाही, कारण पुढे टाकलेले पाऊल आजच्या अलीकडे थांबले की पलीकडे गेले, हे त्यात सांगितलेलेच नसते.

अशा भाषांविषयी अवास्तव दावे फार होतात. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने जाहीर केले, हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. त्याच्या मुळाशी रिक ब्रिग्ज यांचा १९८५ सालचा एक लेख आहे, आणि त्यात नासाचा असा कोणताही निर्णय नाही. लोझबान ‘पूर्णपणे निःसंदिग्ध’ असल्याचा दावाही तसाच तपासून घ्यावा: तिची वाक्यरचना एकाच प्रकारे उलगडते, अर्थ मात्र वक्त्याला हवा तेवढा मोकळा ठेवता येतो.

क्रिया केव्हा घडते याहून ती कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न निराळा आहे. आपल्या अहिराणीत ‘काय करी राहिना?’ विचारताना ‘राहिना’ क्रिया चालू असल्याचे दाखवतो. लोझबानमध्ये ते काम ‘शाहो’ करतो आणि त्याला काळाशी देणेघेणे नसते. ‘मी शाहो क्लामा’ म्हणजे माझे जाणे चालू, मग ते आजचे असो वा कालचे. कालचेच सांगायचे असेल, तर ‘शाहो’च्या आधी ‘पु’ ठेवावा लागतो.