पीआरआयचे 30 चॅनेल आणि सिप ट्रंकचे 30 चॅनेल: आयव्हीआरसाठी कोणते, आणि किती?

आयव्हीआर, म्हणजे फोन उचलून 'अमुकसाठी 1 दाबा' असा मेनू वाचणारी यंत्रणा, बसवायची ठरली की दोन कोटेशनं टेबलावर येतात. एकावर 'पीआरआय, 30 चॅनेल', दुसऱ्यावर 'सिप ट्रंक, 30 चॅनेल'. पीआरआय म्हणजे टेलिफोन कंपनीची डिजिटल फोन लाइन, सिप ट्रंक म्हणजे डेटा लाइनवरून येणारी फोनसेवा, आणि चॅनेल म्हणजे एकावेळी चालणाऱ्या एका कॉलची जागा. आकडा तोच दिसतो, म्हणून चर्चा लगेच दरावर घसरते. माझं म्हणणं असं की दर नंतर बघा. या दोन तिसांमागची यंत्रणा वेगळी आहे आणि लाइन भरल्यावर दोन्हींचं वागणंही वेगळं आहे.

पीआरआय बहुतेक देशांत ई1 लाइनवर येते. ई1चा वेग सेकंदाला 2.048 मेगाबिट. त्यात 64 किलोबिटचे 32 टाइमस्लॉट असतात. शून्य क्रमांकाचा स्लॉट दोन्ही टोकांचा मेळ राखतो. सोळावा डी-चॅनेल, कॉल लावणं, उचलणं, तोडणं यांचे निरोप त्यातून जातात. उरलेल्या 30 स्लॉटमधून आवाज. कॉल लागला की एक स्लॉट त्याचाच. मध्ये कोणी बोलत नसलं तरी तो दुसऱ्याला मिळत नाही. एकतिसाव्या कॉलला जागाच नसते. (उत्तर अमेरिकेत टी1 चालते, तिथे 24 स्लॉट आणि त्यातले 23 आवाजाचे. तिकडचं मॅन्युअल हाताशी घेऊन हिशोब केला तर चुकतो.)

सिप ट्रंकमध्ये स्लॉट नसतात. आवाज पॅकेट होऊन डेटा लाइनवरून जातो. इथे 30 म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीने एकावेळच्या कॉलवर घातलेली मर्यादा. तुमच्या लाइनला तेवढे कॉल पेलतील की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. जी.711 कोडेकचा (कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा करण्याची पद्धत) आवाज 64 किलोबिटचा, पण दर 20 मिलिसेकंदाच्या पॅकेटला हेडर, म्हणजे पत्त्यासारखी जादा माहिती, लागतात, त्यामुळे इथरनेटवर एक कॉल प्रत्येक दिशेने सुमारे 87 किलोबिट खातो. 30 कॉलना 2.6 मेगाबिट. आकडा किरकोळ वाटतो, पण त्याच लाइनवरून ऑफिसचा बॅकअप चालू झाला की कॉल चालू असूनही आवाज तुटायला लागतो. पीआरआयवर ही भानगड नाही.

आवाज जास्त दाबणारा जी.729 कोडेक घेतला तर हेच 87 किलोबिट 31च्या आसपास येतात. तरीही आयव्हीआरसाठी तो नकोच, असं माझं ठाम मत आहे. हा कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेला आहे, कीपॅडच्या टोनसाठी नाही. फोन करणारा 2 दाबतो, टोन दबून-मोडून पोचतो, आयव्हीआर 'चुकीचा पर्याय' म्हणून मेनू पुन्हा वाचते. यावर उपाय म्हणजे टोन आवाजातून न पाठवता आरएफसी 4733 पद्धतीने वेगळ्या पॅकेटमधून पाठवणं. ती सोय दोन्ही टोकांना चालू हवी. एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद असेल तर बटणं हरवतात. पीआरआयवरही बटणं हरवू शकतात, पण कारण निराळं: ई1 लाइन ज्यात लागते त्या कार्डचं क्लॉक ऑपरेटरच्या लाइनकडून न घेता स्वतःचंच चालवलं असेल तर स्लिप होतात, म्हणजे दोन्ही टोकांचा मेळ मधूनच सुटतो, आणि टोनचा तुकडा पडतो.

आता किती चॅनेल घ्यायचे. डीआयडी नंबर, म्हणजे बाहेरून थेट लावता येणारे वेगवेगळे फोन नंबर, 100 घेतले म्हणून 100 जण एकदम बोलू शकत नाहीत, एवढं आधी स्पष्ट असू द्या. नंबरांची संख्या वेगळी, चॅनेलची वेगळी. आयव्हीआरचं पोर्ट लायसन्स (एकावेळी किती कॉल घेता येतील त्याचा परवाना) 16चं असेल तर 30 चॅनेलमधले 14 पडून राहतात, तेही तपासा.

हिशोब करायचा तो सर्वांत गर्दीच्या तासाचा. समजा त्या तासात 240 कॉल येतात आणि प्रत्येक कॉल मेनूत 3 मिनिटं राहतो. 240 गुणिले 3, भागिले 60, म्हणजे 12 अर्लांग, म्हणजेच एकावेळी सरासरी 12 कॉल चालू. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर क्रारुप अर्लांग यांनी 1917 साली मांडलेलं सूत्र, म्हणजे आजचं अर्लांग बी, सांगतं की शंभरात एकच कॉल जागा नाही म्हणून परत जावा असं वाटत असेल तर 12 अर्लांगला 20 चॅनेल लागतात. सरासरीला 12 पुरे दिसतात, पण कॉल ठरवून एकामागोमाग येत नाहीत, झुंडीने येतात. वरचे 8 त्यासाठी.

बहुतेकांचा हिशोब इथे थांबतो आणि नेमका इथेच फसतो. मेनूतून एजंटकडे गेलेला माणूस रांगेत संगीत ऐकत असतो तेव्हाही चॅनेल त्याच्याच नावावर असतो. वरच्या उदाहरणात निम्मे कॉल एजंटकडे जातात, 1 मिनिट रांग आणि 3 मिनिटं बोलणं धरा. सरासरी 5 मिनिटं झाली, म्हणजे 20 अर्लांग, आणि त्याला 30 चॅनेल लागतात. एक ई1 बरोबर पुरली. आता दोन एजंट रजेवर गेले आणि रांग 1ची 5 मिनिटं झाली. सरासरी 7 मिनिटं, 28 अर्लांग. त्याच 30 चॅनेलवर आता जवळपास दर दहावा कॉल परत जातो. कॉल एकही वाढलेला नाही. पुन्हा शंभरात एकवर यायला 39 चॅनेल हवेत. पीआरआयवर 39 मिळत नाहीत, दुसरी ई1 घ्यावी लागते. सिपवर मर्यादा वाढवून घेता येते. हा त्याचा खरा फायदा. (परत गेलेली माणसं लगेच पुन्हा फोन लावतात, ते अर्लांग बी धरत नाही. म्हणून थोडं जास्तच घ्या.)

चॅनेल विभागांत वाटून टाकू नका. 15-15चे दोन गट शंभरात एकच्या हिशोबाने मिळून सुमारे 16 अर्लांग पेलतात, एकत्र 30 मात्र 20 पेलतात.

पीआरआय भरली की बिझी टोन ऑपरेटरच्या एक्स्चेंजमधूनच वाजतो. परत गेलेला कॉल तुमच्या मशीनपर्यंत येतच नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये सगळं आलबेल दिसतं. खूण एकच: एकावेळच्या कॉलचा आलेख 30वर जाऊन सपाट रेघ झालेला असतो. सिपवर ऑपरेटरची मर्यादा गाठली तरी तेच. मात्र ती तुमच्या सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा जास्त ठेवली तर नकार तुमचा सर्व्हर देतो, 486 किंवा 503 हे नकाराचे कोड लॉगमध्ये उतरतात, आणि किती माणसं परत गेली ते मोजता येतं.

बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी, म्हणजे आठवण करून देणाऱ्या ऑटो-डायलरसाठी, सिपवर आणखी एक मर्यादा असते: सेकंदाला किती नवे कॉल लावू देणार. कोटेशनवर ती सहसा नसते. रिंग धरून एक कॉल 30 सेकंद चालत असेल आणि सेकंदाला एकच कॉल लावता येत असेल, तर एकावेळी सरासरी 30च कॉल चालू राहतील, चॅनेल 120 घेतले तरी. ते 120 भरायला सेकंदाला 4 कॉल लागतात.

चालू पीबीएक्सला, म्हणजे ऑफिसच्या स्वतःच्या टेलिफोन एक्स्चेंजला, ई1 कार्ड असेल आणि गर्दीच्या तासाचा भार 20 अर्लांगच्या आत असेल, तर मी पीआरआय हलवणार नाही. नव्याने बसवताना सिप घेईन, पण आवाजासाठी वेगळी डेटा लाइन, जी.711, आरएफसी 4733 आणि सेकंदाला किती नवे कॉल ही मर्यादा या चारही गोष्टी करारात लिहून घेऊनच. कॉल बाहेरच्या मोबाइलवर वळवायचे असतील तर पाचवी: वळवताना सिपचा रेफर, म्हणजे कॉल ऑपरेटरकडे सोपवून आपण मधून बाजूला होण्याची सोय, चालतो का. चालत नसेल तर आत आलेला एक आणि बाहेर गेलेला एक, असे दोन चॅनेल संभाषण संपेपर्यंत अडकून राहतात.